कव्हरकाका आणि उघडी नळी

कव्हरकाकांच्या घरची बेल वाजत नाही. बिघडलेली नाही, चांगली ठणठणीत आहे, आणली त्या दिवशी जेवढी नवी होती तेवढीच नवी आहे, आणि तेच तर दुखणं आहे. धूळ बसू नये म्हणून काकांनी बटणावर जाड प्लॅस्टिक ताणून बसवलंय आणि चारही कडा अशा बेमालूम दाबल्यात की नख घालायला जागा नाही. पाहुणा येतो, बटण दाबतो, आत काहीच होत नाही. मग तो दार ठोठावतो. यावर उपाय म्हणून काकांनी बेलखाली चिठ्ठी लावली, ‘बेल जोरात दाबावी’. त्या चिठ्ठीलाही प्लॅस्टिक आहे.

माणूस वाईट नाही हो. एकतीस वर्षं एका मोठ्या वाचनालयाच्या बांधणी विभागात काढली. पानं सुटलेली, पाठ मोडलेली, कुणीतरी चहा सांडलेली पुस्तकं यायची आणि काकांच्या हाताखालून नवा पुठ्ठा, नवं कापड, पाठीवर नाव असा साज घालून परत जायची. एकतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांची लक्तरं झाकली, त्याला निवृत्त झाल्यावर उघडी वस्तू बघवत नाही, यात नवल ते काय? रिमोटला कव्हर. सोफ्याला खोळ, खोळीवर चादर, चादर मळू नये म्हणून बसायच्या जागी टॉवेल. गाडीला दोन कव्हरं, एक चांगलं, आणि ते चांगलं खराब होऊ नये म्हणून त्याच्यावर एक जुनं. शेजारच्यांनी एकदा छत्री दिली तर परत करताना तिला पिशवी शिवलेली होती. गल्लीने नाव ठेवलं त्यात गल्लीचा काही दोष नाही. काकांनीही ते कधी मनावर घेतलं नाही. एकदा कुरिअरवाला खऱ्या नावाने पत्ता विचारत हिंडत होता, तर दारात उभे असलेले काकाच त्याला म्हणाले, “तसं कुणी माहीत नाही, कव्हरकाका इथे राहतात.” पार्सल परत गेलं.

काकूंना या सगळ्याचा वैताग यायचा. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. “अहो, उद्या मलाही खोळ शिवाल,” असं म्हणायच्या. काका म्हणायचे, “माप दे.” असा त्यांचा संसार चालला होता, आणि बरा चालला होता.

मग चार वर्षांपूर्वी एका दुपारी वर्गात काकूंना फळ्यावरचा नकाशा दोन दिसायला लागला. दोन समुद्र, दोन डोंगर. मुलांना आधी ती गंमत वाटली. मग काकू खुर्ची चाचपडत खाली बसल्या आणि पाय उचलेनात.

महिनाभर तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. “विजेच्या वायरीवर रबर असतं ना, तसं आपल्या नसांवर एक आवरण असतं. यांच्या काही नसांवरचं ते झिजलंय. आतली तार आहे, पण निरोप नीट पोचत नाही. उकाड्यात हे आणखी बिघडतं. अंग तापलं की डोळे आणि पाय दगा देणार. तेव्हा गारव्यात राहायचं, एवढं पथ्य पाळा.”

काकांनी विचारलं, “ते आवरण पुन्हा घालता येतं का?”

“आजच्या घडीला तरी नाही.”

“बाहेरून?”

डॉक्टर हसले नाहीत. चांगला माणूस. घरी आल्यावर काकांनी मिक्सरला नवं कव्हर शिवलं. जुनं चांगलं होतं. ते शिवताना टाके वाकडे आले म्हणून त्यांनी ते दोनदा उसवलं. जगातल्या सगळ्या वस्तू झाकून झाल्या, आणि नेमकं घरातल्या माणसाचं आवरण गेलं, तेही जिथे आपला हात पोचत नाही अशा ठिकाणी. याचं त्यांना काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण मिक्सरचं ते कव्हर आजही बघा, एकेक टाका मोजून घ्यावा असा आहे.

तेव्हापासून काकूंचा उन्हाळा घरातच. सकाळी नऊ वाजता खिडक्या बंद, पडदे ओढलेले, मानेवर ओला नॅपकिन. बाकी बाई पूर्वीसारखीच. जीभ तर कणभरही झिजली नाही.

या उन्हाळ्यात काकूंची आई पडली. वय एक्याण्णव, राहायला धाकट्या मुलाकडे, गाडीने पाच तासांवर. खुबा मोडला, आणि त्या वयात मोडलेला खुबा म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. “मला आईला भेटायचंय,” काकू म्हणाल्या. “ऊन उतरल्यावर जाऊ असं मला म्हणू नका.” काका तेच म्हणणार होते. तोंड उघडलेलं त्यांनी मिटलं.

पण जायचं कसं? रेल्वेने जायचं तर फलाटावर तासभर ताटकळणं आलं, बसचं तर नावच नको. राहिली घरची गाडी. गाडी जुनी असली तरी दोन कव्हरांखाली राहिल्यामुळे दिसायला नवरीसारखी. खोट एकच होती. एसी लावला की वीस मिनिटं झकास गारवा, आणि मग हवा हळूहळू अशी कोमट व्हायची की त्यापेक्षा काच खाली केलेली बरी. पाच तासांच्या वाटेला वीस मिनिटांचा गारवा घेऊन निघणार कसं?

मोठ्या रस्त्याला एका बाईंचं गाड्यांच्या एसीचं गॅरेज आहे. एसीवाली बाई बोलायला तुटक, कामाला चोख. तिने मीटर लावले, बॉनेटखाली डोकं घातलं, आणि पाच मिनिटांत बाहेर काढलं.

“गॅस भरपूर आहे. कॉम्प्रेसर ठीक आहे. इकडे बघा. हा व्हॉल्व. याच्यातून ही तारेएवढी नळी निघते आणि तिच्या टोकाला हा तांब्याचा फुगा.”

फुगा कसला, करंगळीएवढी तांब्याची कुपी होती ती. एका जाड नळीला पट्टीने आवळलेली.

“या जाड नळीतून गार गॅस परत जातो. फुगा तिची नाडी बघतो. नळी किती गार आहे ते बघून व्हॉल्व किती उघडायचा ते ठरवतो. आता याच्यावरचं इन्सुलेशन कुजून गळून पडलंय. त्यामुळे हा नळीची नाडी सोडून इंजिनाची गरमी बघत बसलाय. इंजिन तापलं की तुमचा एसी बसला.”

“म्हणजे थोडक्यात झालंय काय?”

“थोडक्यात म्हणजे,” बाई हात पुसत म्हणाली, “कव्हर गेलंय.”

हे तिने बोलायला नको होतं. म्हणजे बोलली ते खरंच होतं, पण माणूस बघून बोलावं.

“माझ्याकडे दहा दिवस जागा नाही,” ती पुढे म्हणाली. “पण अवघड काही नाही, सामान आणलंत तर घरीसुद्धा होईल. नुसतं गुंडाळायचं आहे. फक्त आधी एक ऐका—”

काकांनी ऐकलं, म्हणजे मान हलवली. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला मान कशी हलवायची ते बरोबर येतं. पण ‘गुंडाळायचं’ हा शब्द कानावर पडला त्या क्षणी ते मनाने तिथून उठून गेले होते. मनात ते दोरा निवडत होते. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना असं दुखणं सांगितलं होतं जे बाहेरून झाकून बरं होतं. बाई पुढे जे सांगत होती ते सगळं काकांच्या कानाला प्लॅस्टिक लावल्यासारखं बाहेरच राहिलं.

फ्रिजचे सुटे भाग विकणाऱ्याच्या दुकानातून त्यांनी काळ्या फोमच्या पोकळ नळ्या आणल्या, डांबरासारखी चिकट काळी पट्टी आणली, वरून लावायची चंदेरी टेप आणली. रविवारी पहाटे निघायचं ठरलं.

गुरुवारी काकू अंघोळीला गेल्या होत्या तेव्हा मेहुण्याचा फोन आला.

“भाऊजी, आईने दोन दिवसांपासून खाणं सोडलंय. डॉक्टर म्हणतात आठवडा काढला तरी खूप. मधेच डोळे उघडते आणि थोरली आली का म्हणून विचारते. ताईला कसं सांगायचं ते तुम्हीच बघा.”

“बघतो,” काका म्हणाले.

काकू केस पुसत बाहेर आल्या. “कुणाचा फोन?”

“तुझ्या भावाचा. सहज केला होता. आई बऱ्या आहेत म्हणाला.”

“सहज?”

“सहज.”

काकूंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि केस पुसत आत गेल्या. काकांचं म्हणणं असं, की काळजीनेही अंग तापतंच ना. आधी एसी नीट करू, मग वाटेत सावकाश सांगू, फार तर निम्म्या वाटेवर. बातमी काय पळून जात नाही. म्हातारी पळून जाईल हे त्यांच्या डोक्यात आलं नसेल असं नाही, पण आलं असेल तर त्यांनी त्याच्यावरही काहीतरी घातलं असणार.

शुक्रवारी सकाळी काम सुरू झालं. आधी कुठली नळी गार ते हाताला कळावं म्हणून त्यांनी एसी चालवून बघितला. जाड नळी गार पडली आणि तिला घाम फुटला. काकांनी इंजिन बंद करून त्या ओल्या नळीवरच पट्टी लावली, ती घसरून खाली पडली. दुसरी लावली, तीही पडली. मग दोन तास थांबले. इंजिन निवलं, नळी सुकली, त्यांनी ती फडक्याने कोरडी केली.

आता मधे तो फुगा येत होता. बांधणीतला पहिला धडा असा, की खाली गाठ राहिली तर वरचं कापड कधी सपाट बसत नाही. पुस्तकाच्या पाठीवर एवढासा उंचवटा राहिला तर काकांना त्या दिवशी जेवण जायचं नाही. त्यांनी फुग्याची पट्टी सैल केली, फुगा अलगद बाजूला काढून लोंबता ठेवला, जाड नळीला फोम चढवला, जोड चिकटवला आणि घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीने तो असा दाबून बसवला की जोड कुठे आहे ते त्यांनाच शोधावं लागलं. मग त्याच्यावर फुगा ठेवला, मेण लावलेल्या दोऱ्याने सात वेढे देऊन बांधला, आणि वरून पुन्हा चिकट पट्टी आणि चंदेरी टेप. एक सुरकुती नाही. शेजारची दुसरी, मघाशी हाताला गरम लागलेली बारीक नळी आता उघडी बरी दिसेना म्हणून तिलाही गुंडाळली. मग दोन्ही नळ्यांना पांढरी लेबलं लावली, सुवाच्य अक्षरात. जाड नळीवर ‘गार’, बारीक नळीवर ‘गरम’.

काकू उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसल्या होत्या, मानेवर ओला नॅपकिन. एरवी त्या दिवसभर काही ना काही टोमणा मारत राहिल्या असत्या. शुक्रवारी त्या एकदाच बोलल्या. “तुम्हाला मला काही सांगायचंय का?”

“उद्या चक्कर मारून बघू,” काका बॉनेटमधून म्हणाले. “फर्स्ट क्लास झालंय.”

शनिवारी दहाच्या सुमारास दोघं चक्कर मारायला निघाली. काका गाडी चालवत होते आणि काकू दुकानांच्या पाट्या वाचत होत्या. ही त्यांची नेहमीची परीक्षा. पाटी एक दिसते तोवर सगळं ठीक. गाडीत झकास गारवा होता. काकांनी दोनदा विचारलं, “गार आहे ना?” काकू दोनदा हो म्हणाल्या. पंधरा मिनिटं झाली आणि हवा कोमट व्हायला लागली. म्हणजे पहिल्यापेक्षा पाच मिनिटं आधीच.

“अहो,” काकू म्हणाल्या.

“हं.”

“औषधाची दुकानं दोन आहेत का इथे?”

दुकान एकच होतं. काकांनी गाडी वळवली ती थेट गॅरेजात.

एसीवाल्या बाईने आधी काकूंकडे बघितलं, मग काहीही न विचारता त्यांना हाताला धरून एका पांढऱ्या गाडीत नेऊन बसवलं. ती दुरुस्त होऊन उभी होती, तिचा एसी चालू करून दिला. “गिऱ्हाईक दुपारी येणार आहे. तोवर तुमचीच समजा.” मग तिने काकांच्या गाडीचं बॉनेट उचललं. लेबलं वाचली. जोडावरून अंगठा फिरवला.

“कुणी बांधलं हे?”

“मीच.”

“काम फार सुंदर आहे.”

“एकतीस वर्षं बांधणी विभागात—”

“आणि फार चुकीचं आहे. फुगा काढला होतात?”

“खाली सपाट करून घ्यायला.”

“काका, फुग्याच्या आणि नळीच्या मधे तुम्ही गादी घातलीत. त्याला नळी कळणार कशी? नळी बिचारी गारठलीय, आणि हा वर गादीत बसून म्हणतोय, अजून गरमच आहे, येऊ दे अजून. मी सांगितलं होतं तुम्हाला. आधी फुगा उघड्या नळीला घट्ट लावायचा. धातूला धातू. मधे कागदसुद्धा नको. तो नीट लागला, की मग वरून काय गुंडाळायचं ते गुंडाळा.”

“असं म्हणाला होतात?”

“दोनदा. तुम्ही मान हलवत होतात. आणि ही बारीक का गुंडाळली?”

“शेजारी उघडी बरी दिसेना.”

“ती गरमच असते. लागू द्या तिला वारा.” तिने कटर उचललं.

“नको,” काका म्हणाले. “मी सोडतो.”

तिच्यापुढे आणखी तीन गाड्या होत्या. तिने कटर त्यांच्या हातात दिलं आणि ती पलीकडे गेली.

लोकांनी बांधलेली हजारो पुस्तकं काकांनी सोडली होती, कारण नवी बांधणी करायची तर जुनी फाडावीच लागते. पण स्वतः बांधलेलं सोडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. सात वेढे कापले, फोम उभा चिरला, काळी पट्टी ओढून काढली. खाली ती नळी. तिच्यावरचा चिकटा त्यांनी पॉलिश पेपरने घासला, आधी काळा, मग करडा, मग लख्ख धातू. बोट लावून बघितलं. नळीच्या आत अजून गारवा होता, आणि तो बोटाला लगेच कळला. एवढंच करायचं होतं. काका फडकं हातात घेऊन उभे राहिले. मग ते फडक्यासकट त्या पांढऱ्या गाडीकडे गेले आणि दार उघडून काकूंच्या शेजारी बसले.

“दार लावा, गार हवा जाते,” काकू म्हणाल्या.

त्यांनी दार लावलं. “गुरुवारी तुझ्या भावाचा फोन आला होता.”

“हो.”

“सहज नव्हता.”

“माहीत आहे. तुमच्या आधी त्याने मलाच लावला होता. मी अंघोळीत होते. मग मी नंतर त्याला केला.”

“मग दोन दिवस बोलली का नाहीस?” काकांनी विचारलं.

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. काल विचारलंसुद्धा.”

“तुला त्रास होऊ नये म्हणून मी—”

“माझ्या नसा बिघडल्यात, मी नाही बिघडले.” काकूंचा आवाज चढला नव्हता, पण हनुवटी हलत होती. “आई चाललीय माझी. मला रडायचं होतं, आणि तुम्ही बाहेर नळ्यांना लेबलं लावत होतात. मी कुणाजवळ रडायचं? अंग तापेल तर तापू दे, पण मला कळू दे. मला गुंडाळू नका.”

आणि मग त्या परक्या माणसाच्या गाडीत बसून त्या रडल्या. चांगल्या मनसोक्त रडल्या. काकांनी पुसायला हातातलं पुढे केलं, ते ऑइलचं फडकं निघालं. काकूंनी ते बघितलं आणि पदरानेच डोळे पुसले.

“चुकलं माझं,” काका म्हणाले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, आणि हे वाक्य ऐकायचीही काकूंना सवय नव्हती.

“जा, ते आधी पुरं करा,” त्या म्हणाल्या. “आणि आज निघायचं. उद्या पहाटे नाही.”

काका परत गेले. फुगा लख्ख नळीवर ठेवला, पट्टी आवळली. एसीवाली येऊन फुगा बोटाने हलवून बघून गेली. हलला नाही. “आता गुंडाळा,” ती म्हणाली. काकांनी चिकट पट्टी लावली, फोम लावला, टेप लावली. मधे फुग्याचा उंचवटा आला तो आलाच, त्याला इलाज नव्हता. काकांनी त्याच्यावरून एकदा हाडाची पट्टी फिरवली आणि सोडून दिलं. बारीक नळी उघडी राहिली. ‘गरम’ लिहिलेलं लेबल त्यांनी खिशात घातलं. मग अर्धा तास इंजिन चालू ठेवून बघितलं, भर दुपारच्या उन्हात. खात्री म्हणून पुढे पंचेचाळीस मिनिटांपर्यंत बघितलं. गारवा तसाच.

“घरी जाऊन कपडे घेऊ,” काका म्हणाले.

“इथूनच,” काकू म्हणाल्या.

“अगं, गाडीची कव्हरं दोन्ही रस्त्यात पडलीत. सोफ्यावरची चादर—”

काकूंनी फक्त बघितलं. काकांनी गाडी सुरू केली.

वाटेत काकू पाट्या वाचत होत्या. गावांची नावं, पेट्रोल पंप, ट्रकच्या मागचे नंबर. दर दहा मिनिटांनी काका विचारायचे, “एकच?” आणि काकू म्हणायच्या, “एकच.” मधूनच त्या आईबद्दल सांगत होत्या. वेणी घालताना आई केस किती ओढायची, शाळेच्या सहलीला जाऊ दिलं नाही म्हणून आपण एकदा दोन दिवस अबोला कसा धरला होता. दोनदा त्यांना रडू आलं. काकांनी “रडू नकोस” म्हटलं नाही. ते जिभेवर आलं होतं. तिसऱ्या तासाला काकूंच्या हातावर काटा आला, इतकं गार होतं. मागच्या सीटवर शाल होती. काकांचा हात मागे गेला. काकू म्हणाल्या, “असू दे.” हात परत पुढे आला.

मेहुणा दारातच उभा होता. “आहे,” एवढंच म्हणाला, आणि काकूंचा हात धरून त्यांना आतल्या खोलीत नेलं.

खोली पश्चिमेची, दिवसभर तापलेली. पंखा नावाला फिरत होता. म्हातारी पलंगावर डोळे मिटून पडली होती, चादरीखाली काही आहे की नाही कळू नये इतकी कमी झालेली. काकू स्टुलावर बसल्या आणि आपला हात त्यांनी आईच्या हाताखाली सरकवला.

बराच वेळ काही झालं नाही. मग ती सुरकुतलेली बोटं हलली, काकूंच्या मनगटावरून वर चढत कोपरापर्यंत गेली, आणि तिथे थांबली.

“थोरली?”

“हो गं आई.”

“किती गार पडलीय पोर.” म्हातारीने डोळे उघडले नाहीत. “अरे, हिच्यावर काहीतरी घाला कुणी.”

मेहुण्याने लगबगीने कपाटातून रजई काढली आणि काकांच्या हातात दिली. हे काम कुणाचं, ते सगळ्या घराला माहीत होतं. काकांनी रजई घेतली, उलगडली, तिचे काठ जुळवले, चार घड्या घातल्या आणि ती मांडीवर घेऊन खुर्चीत बसले.

“घातलं का?” म्हातारीने विचारलं.

“तुमचा हात आहे ना, आई,” काका म्हणाले. “पुरे तेवढा.”

म्हातारीला ते पटलं असावं, कारण तिने हात काढला नाही. असा अर्धा तास गेला. काकूंच्या कपाळावर घाम आला होता. मग त्या हळूच म्हणाल्या, “अहो.”

“हं.”

“आई दोन दिसायला लागल्यात.”

काका खुर्चीच्या टोकाशी आले. “बाहेर गाडीत बसतेस का थोडा वेळ? एसी लावून देतो.”

“नको,” काकू म्हणाल्या. त्यांनी नजर हलवली नाही. “दोन आहेत तोवर बघून घेते.”

काका मागे टेकले. मांडीवरच्या रजईची घडी त्यांनी अंगठ्याने दाबली आणि रजई तशीच मांडीवर राहू दिली.